उन्हाशिवाय ड जीवनसत्त्व : काचेआडचं ऊन नको

ताई, गालावरच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ऊन बंद केलं, मग आईंच्या हाडांचं काय, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. पण वरच्या उत्तरांत कुणीतरी 'उन्हासाठी खिडकीच्या काचेआड बसवा' म्हटलंय, ते कृपया करू नका. उन्हातले ड जीवनसत्त्व तयार करणारे यूव्हीबी किरण काच अडवते, त्वचेला इजा करणारे यूव्हीए मात्र बरेचसे आत येतात. म्हणजे फायदा शून्य, धोका तसाच. सकाळच्या कोवळ्या उन्हातही यूव्हीबी फारच थोडे असतात.

माझ्या बाबांच्या नाकावर बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेचा एक कॅन्सर) निघाला, तेव्हापासून आमच्याकडे अंबाझरी तलावाची चक्कर सूर्य उगवायच्या आत आटोपते. नागपूरचा मे महिना तर विचारूच नका.

आधी रक्ताची २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी तपासणी करा. पातळी मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. मग बहुतेक डॉक्टर ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, काही आठवडे देतात. ती जेवणानंतर घ्यावी, स्निग्ध पदार्थांसोबत नीट शोषली जाते. आठवड्याची पुडी रोज घेऊ नका, हे कळकळीनं सांगते. कॅल्शियम वाढून मळमळ, तहान, मूत्रपिंडाला त्रास होतो. बाबांची पुडी मी कॅलेंडरवर खूण करूनच देते.

अंड्याचा बलक, मासे, '+एफ' चिन्हाचं (जीवनसत्त्वं मिसळलेलं) दूध यांची थोडी मदत होते, पण तेवढ्यानं सहसा भागत नाही. आईंना मुतखडा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.