मुदत संपलेलं डोमेन: बोली लावावी की मालकाशी बोलावं?

प्रश्न: हवं असलेलं डॉट कॉम नाव लिलावात आलंय. थेट मालकालाच गाठू का?

उत्तर १: आधी आरडॅपवर (डोमेनची नोंद दाखवणाऱ्या ऑनलाइन सेवेवर) नावाची स्थिती बघा. ‘रिडेम्प्शन पीरियड’ दिसत असेल तर मालकाला ते सोडवायला ३० दिवस असतात. पुढचे ५ दिवस ‘पेंडिंग डिलीट’, त्यात कुणालाच काही करता येत नाही. रजिस्ट्रारच्या (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या) लिलावात जिंकलात तरी सवलतीच्या मुदतीत मालकाने नूतनीकरण केलं तर नाव त्याचंच राहतं, तुमचे पैसे परत येतात. त्यामुळे लगेच लोगो छापायला टाकू नका.

उत्तर २: कमाल रक्कम आधीच ठरवा आणि प्रॉक्सी बोलीत (म्हणजे तुमच्या वतीने त्या रकमेपर्यंत आपोआप वाढणाऱ्या बोलीत) तीच भरा. अखेरच्या मिनिटांत बोली आली की बऱ्याच ठिकाणी वेळ वाढतो, म्हणून शेवटच्या सेकंदासाठी टपून बसण्यात अर्थ नाही. ट्रेडमार्क मात्र तपासाच. यूडीआरपी (डोमेन नावांवरचे ट्रेडमार्कचे वाद सोडवण्याची पद्धत) तक्रारीत नाव हातचं जाऊ शकतं.

उत्तर ३: मालकाला दोनच ओळी लिहा: ‘हे नाव विकायचं आहे का? अपेक्षित किंमत कळवा.’ कंपनीच्या ईमेलवरून लिहिलंत की भाव चढतो. पैसे एस्क्रोमध्येच (तटस्थ मध्यस्थाकडे) ठेवा, नाव तुमच्या खात्यात दिसल्यावरच ते मालकाला सोडा. ६० दिवसांचं ट्रान्सफर लॉक (दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नाव हलवायला बंदी) असेल तर त्याच रजिस्ट्रारकडे खातं उघडून तिथे पुश करून घ्या, म्हणजे मालकाच्या खात्यातून तुमच्या खात्यात हलवून घ्या.