ले-ऑफला मराठीत काय लिहायचं?

शिरोलीकर: एका फाउंड्रीची नोटीस मराठीत करायची आहे. ट्रॅक्टरच्या कास्टिंगच्या ऑर्डरी घटल्यात, म्हणून मोल्डिंग (साचे बनवणं) आणि फेटलिंगची (ओतीव भाग घासून साफ करणं) दुसरी पाळी १२ दिवस बंद. मूळ मसुद्यात 'ले-ऑफ' आहे, त्याला 'कामगार कपात' लिहिलं. युनियनवाले म्हणतात, ही नोटीस बोर्डावर लावायची नाही. शब्दकोशात तर 'ले-ऑफ' आणि 'रिट्रेंचमेंट' दोन्हीला कपातच दिलंय.

मस्टरवाला: युनियनचं बरोबर आहे. ले-ऑफमध्ये माणूस मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर राहतो, फक्त काम नसतं. कपात म्हणजे नाव कायमचं कमी. ले-ऑफला मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई, साप्ताहिक सुट्टी सोडून. दोन्ही मिळून १५,६०० असतील तर २६ ने भागून दिवसाचे ६००, हातात ३००. त्यासाठी वर्षभराची सलग सेवा हवी, म्हणजे २४० दिवस भरलेले. बदली आणि कॅज्युअल कामगार यात येत नाहीत, आणि कारखान्यात सरासरी ५० कामगार तरी असावे लागतात. कपातीचं गणितच निराळं: एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे ७ वर्षं ७ महिन्यांना ८ वर्षांचे १२० दिवस.

शुद्धमती: मग 'तात्पुरती टाळेबंदी' लिहा. स्वच्छ मराठी शब्द आहे.

मस्टरवाला: नको! टाळेबंदी म्हणजे कामगारांशी वाद चालू असताना मालकानं गेटला लावलेलं कुलूप. २०२० मध्ये पेपरवाल्यांनी तो शब्द लॉकडाउनला वापरला, तेव्हापासून घोळ आहे. ऑर्डर नाही म्हणून पाळी बंद ठेवणाऱ्यानं 'टाळेबंदी' लिहिलं, तर वाद असल्याची कबुली स्वतःच्या सहीनं दिल्यासारखी होईल.

पाळीवाला: शिवाय 'कपात' वाचून निम्म्या लोकांना पगार कापणार असंच वाटतं. स्लिपवर पीएफ कपात, कँटीन कपात रोज दिसते की. गेटवर सरळ 'बसवलं' म्हणतात. 'फेटलिंगची पोरं बसवल्यात.' कायमचं काढलं तर 'कमी केलं', कंत्राटी असेल तर 'ब्रेक दिला'. तिन्हींचे अर्थ वेगळे आणि कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

शुद्धमती: 'बसवल्यात' नोटिशीत शोभत नाही. आणि 'ब्रेक' मराठी कधीपासून?

पाळीवाला: 'बडतर्फ' तरी कुठं मराठी होता? फारसी 'बर-तरफ'. तो चालतो.

उजळाईवाडी: आयटीतलं बघा. कंपन्यांच्या मेलमध्ये 'तुमची भूमिका बाधित झाली आहे' असं येतं. इकडं शिरोळकडं 'बाधित' म्हटलं की पुराचा पंचनामा आठवतो. कुणी काढलं ते वाक्यात कुठंच नसतं. त्याहून वाईट म्हणजे 'राजीनामा द्या, अनुभवपत्र चांगलं देतो'. एकदा राजीनाम्यावर सही झाली की ती कागदोपत्री कपात राहत नाही, १५ दिवसांचा हिशोब तिथंच बुडतो. मराठीत त्याला 'राजीनामा घेतला' म्हणतात. या 'घेतला'त सगळं आलं.

मस्टरवाला: मसुद्यात शब्दापेक्षा मोठी चूक बऱ्याचदा तारखेची असते. 'आजपासून सेवा संपुष्टात, देय रक्कम यथावकाश' असं लिहितात. कपातीची भरपाई त्याच वेळी द्यावी लागते. 'यथावकाश' दिली तर कपातच कोर्टात टिकत नाही आणि माणूस मागच्या पगारासकट परत येऊ शकतो. शेवटी आलेला आधी जातो, हा क्रम मोडला तर कारण नोंदवावं लागतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू आहे. त्यात सरकारची आगाऊ परवानगी १०० ऐवजी ३०० कामगारांपासून लागते, आणि कपात झालेल्याच्या खात्यावर ४५ दिवसांत आणखी १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीतून (नवं काम शिकण्यासाठीचा निधी) जमा व्हायचा असतो.

शुद्धमती: 'पुनर्कौशल्य'! संधी तरी नीट करा.

गंगावेस: 'नारळ दिला' कुणी कसं काढलं नाही अजून? निरोपाला नारळ देतात, त्यातलाच तो असावा.

उजळाईवाडी: नारळ तर सत्कारालाही देतात. माझ्या मते टोमणाच आहे, शाल नाही, नुसतं श्रीफळ. आणि नारळ एकट्याला देतात. चाळीस जण एकदम गेले तर 'चाळीस जणांना नारळ' हे फक्त पेपरच्या मथळ्यात.

गंगावेस: का? डच्चू चाळीस जणांना देता येतो, मग नारळ का नाही?

शिरोलीकर: मंडळी, नोटीस उद्या सकाळच्या पाळीआधी लावायचीय.

मस्टरवाला: 'ले-ऑफ' देवनागरीत ठेवा. खाली विभाग, पाळी, तारीख पासून-पर्यंत, आणि हजेरीची वेळ. हजेरी विसरू नका. ठरलेल्या वेळी गेटवर येऊन दोन तासांत काम मिळालं नाही, तरच त्या दिवसाचा ले-ऑफ धरतात. न येणाऱ्याची भरपाई जाते, आणि नोटिशीत हे लिहिलेलं नसलं की सगळी भांडणं तिथूनच निघतात.

शुद्धमती: वर कुणीतरी 'हिशोब' लिहिलंय. 'हिशेब' हवं.

पाळीवाला: आमच्याकडं हिशोबच होतो.