मदत हवी आहे: शर्यतीतून बसलेली ग्रेहाऊंड घरी आणायची आहे (सांगली)

हरिपूर_रोड
नमस्कार मंडळी, पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

मिस्टरांच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत जत भागातले, कुत्र्यांच्या शर्यतीचे शौकीन. त्यांच्याकडं मैना नावाची ग्रेहाऊंड मादी आहे, साधारण चार वर्षांची. मैदानात नंबर काढायची म्हणे, पण मागच्या पायाला मार बसला आणि आता लंगडते, थोडं चालली की बरी वाटते आणि बसून उठली की परत लंगडते. ते म्हणतात पळणार नाही तर ठेवून काय करू, कोणी नेणार असेल तर न्या नाहीतर शेतावर बांधून टाकतो. आम्ही जाऊन बघून आलो. एवढी शांत आहे की बास, माझ्या मांडीवर डोकं ठेवून डोळे उघडे ठेवून झोपली!! मी घाबरलेच.

तर आमचं असं ठरतंय की आधी दोनेक महिने फक्त सांभाळायला आणायची, जमलं तर कायमची ठेवायची, नाही जमलं तर चांगलं घर शोधून द्यायचं, शेतावर साखळीला परत पाठवायची नाही. आमचं रो हाऊस आहे, खाली जिना, वर दोन खोल्या, पुढं छोटं कंपाउंड पाच फुटी, घरात सासूबाई, दहावीतला मुलगा आणि एक बोका. बोक्याचं नाव सोन्या आणि तो स्वतःला घराचा मालक समजतो. माझी खरी भीती बोक्याचीच आहे, कारण ही बाई आयुष्यभर खोट्या सशामागं पळालीय, तिला सोन्या आणि ससा यातला फरक कोण सांगणार.

दुसरं म्हणजे इथल्या एका दवाखान्यात रक्त तपासलं तर प्लेटलेट १ लाख १० हजार आणि पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) ६१ आला. त्यांनी बघितल्या बघितल्या गोचीड ताप म्हणून सांगितलं आणि औषध लिहून दिलं. अजून चालू केलं नाहीये. खाते-पिते व्यवस्थित, ताप नाही. करू का चालू?

आणि तिसरी गोष्ट जरा अवघड आहे. मालक म्हणतात कुत्री तुमची, पैसे नकोत, फक्त एक वेत आम्हाला द्या. आम्हाला तर पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून घ्यायचं आहे. सासूबाईंचं म्हणणं फुकट देतायत तर तेवढं ऐकावं माणसाचं. काय करावं?

माणदेशी_गडी
ताई पहिलं शेवटचं बोलतो. वेत अजिबात द्यायचं नाही. आमच्या भागात घरोघरी कारवानी (शिकारीची देशी जात) कुत्री हायत, माझ्या आज्ज्यापासनं, मी स्वता शर्यतीला कुत्री पळवलीत त्यामुळं वरनं बोलत नाही. एक वेत म्हणजे सात आठ पिल्लं, त्यातली दोन पळणार आणि बाकीची परत मैनासारखी कोणाच्या तरी शेतावर. आणि पाय दुखावलेल्या मादीला वेत लादायचं म्हणजे काय? मालकाला वाईट वाटू नये म्हणून दोन शब्द गोड बोला पण कागदावर लिहून घ्या की कुत्रं कायमचं दिलं, पिल्लांचा हक्क नाही. साधा कागद, सही, दोन साक्षीदार. आज ओळखीचा हाय म्हणून चालतंय, उद्या ती बरी होऊन पळायला लागली की ह्योच माणूस दारात येतोय का नाही बघा.

बोक्याचं म्हणाल तर मुसकं घाला. प्लॅस्टिकचं जाळीचं येतं तसलं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडी मुसकं नको, उन्हात तोंड बंद राहिलं तर कुत्रं तापतंय.

लीड्सकर
मी मूळचा वाळव्याचा, सध्या इंग्लंडात. इथं आम्ही रिटायर्ड ग्रेहाऊंड सांभाळतो, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत आमच्याकडं राहतात आणि मग जातात, आणि दरवेळी बायको रडते. इकडं हे काम जुनं आहे, १९७५ पासून एक मोठी संस्था हेच करते, कारण शर्यतीचं कुत्रं साधारण तीन ते पाच वर्षांचं झालं की मोकळं होतं आणि आयुष्य असतं बारा-चौदा वर्षांचं. म्हणजे निम्म्याहून जास्त आयुष्य शर्यतीनंतरचं.

लोकांना वाटतं एवढं पळणारं कुत्रं म्हणजे घरात धुमाकूळ घालणार. उलट आहे ताई. ताशी साठ-पासष्ट किलोमीटर पळतं हे खरं, पण ते अर्धा मिनिट. दिवसातले सोळा-अठरा तास झोपतं. डोळे उघडे ठेवून झोपणं तर यांच्यात नेहमीचंच, घाबरू नका. मात्र एक पक्कं लक्षात ठेवा, झोपलेल्या ग्रेहाऊंडला अंगाला हात लावून उठवायचं नाही. लांबून हाक मारायची, जागी झाली की मग जवळ जायचं. ही कुत्री माणसांपासून वेगळी झोपलेली असतात, झोपेत कोणी अंगावर हात ठेवला की दचकून गुरगुरतात, कधी दात लावतात, तो स्वभाव नसतो. मुलाला आणि सासूबाईंना पहिल्या दिवशीच सांगा.

घर म्हणजे काय हेच त्यांना माहीत नसतं. जिना, काच, आरसा, मिक्सरचा आवाज, सगळं नवीन. आमच्या एकीनं बाल्कनीच्या काचेला धडक मारली होती, तेव्हापासून काचेवर कागदाच्या पट्ट्या चिकटवतो. फरशीवर पाय घसरतात, त्यात मैनाचा पाय दुखरा, तेव्हा सतरंज्या, गोणपाट जे असेल ते अंथरा. जिन्यावर पहिले दिवस नेऊच नका, खालीच झोपवा.

मांजराबद्दल: काही ग्रेहाऊंड मांजराकडं ढुंकून बघत नाहीत, काही आयुष्यभर बदलत नाहीत, आणि हे पळण्यातल्या नंबरावरून कळत नाही. आणायच्या आधी बघा. मुसकं घालून, पट्टा हातात, आणि मांजर समोर पण लांब. तुमची हाक ऐकून मान वळवत असेल, खाऊ घेत असेल तर आशा आहे. अंग ताठ, कान उभे, नजर खिळलेली, थरथर, हाक ऐकूच येत नाही असं झालं तर त्या घरात बोका आहे तोवर नको. आणि घरात जमलं तरी अंगणात पळणारं मांजर तिच्यासाठी वेगळंच असतं, ते दोघं कंपाउंडमध्ये एकत्र मोकळे कधीच नकोत.

पशुवैद्य_साताराकडचा
रिपोर्टबद्दल लिहितो, कारण यात आमचेही लोक फसतात. ग्रेहाऊंडचं रक्त बाकी कुत्र्यांसारखं नसतं. प्लेटलेट मुळातच कमी असतात, इतर कुत्र्यांत दोन लाखांच्या वर असाव्यात असं धरलं जातं, ग्रेहाऊंडमध्ये एक ते दीड लाख सर्रास दिसतात. पीसीव्ही उलट जास्त, पन्नास-साठच्या घरात. थायरॉईडची पातळी पण कमी येते, त्यामुळं कोणी उद्या थायरॉईडची गोळी दिली तरी आधी विचारा.

आता तुमचा रिपोर्ट बघा. गोचीड तापात बहुतेक वेळा रक्त कमी होतं, म्हणजे पीसीव्ही खाली यायला हवा, तुमचा ६१ आहे. पाणी कमी पिऊन पण तो थोडा वर जातो, तरी या आकड्यावरून घाईनं गोचीड ताप म्हणणं बरोबर नाही. पण नाहीच असंही म्हणणार नाही, जत-सांगली पट्ट्यात गोचीड भरपूर. किट टेस्ट करा, रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा, आणि ग्लोब्युलिन (रक्तातलं एक प्रथिन) किती आहे ते विचारा. ग्रेहाऊंडमध्ये ते कमी असतं आणि जुन्या एर्लिकियात (म्हणजे गोचीड तापात) वाढतं, त्यामुळं ते वर गेलेलं दिसलं तर शंका खरी. निघालंच तर डॉक्सीचा (डॉक्सीसायक्लिन या गोळीचा) कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो, मध्येच सोडायचा नाही. बबेसिया (गोचिडीतूनच येणारा दुसरा जंतू) निघाला तर औषध वेगळं. हिरड्या पांढरट दिसल्या, नाकातून रक्त आलं, खाणं सुटलं तर मात्र वाट बघू नका.

पायाचा एक्स-रे काढाच. बसून उठल्यावर लंगडणं हे सांध्याचं लक्षण असू शकतं. परदेशात गोल ट्रॅकवर डावीकडंच वळून वळून उजव्या मागच्या पायाच्या घोट्याचं हाड मोडतं, आपल्याकडं मैदान वेगळं पण खड्ड्यात पाय जाणं आहेच. या जातीत हाडाचा कॅन्सर पण जास्त दिसतो, तो सहसा वय वाढल्यावर, मैना चार वर्षांची आहे म्हणजे शक्यता कमी. तरी एक्स-रे. जवळ सोय नसेल तर शिरवळचं सरकारी पशुवैद्यकीय कॉलेज आहे.

हरिपूर_रोड
बाप रे, बरं झालं औषध चालू केलं नाही. डॉक्टर, मग ऑपरेशनचं काय? भूल देताना या कुत्र्यांना त्रास होतो असं कुठंतरी वाचलं आणि तेव्हापासून पोटात गोळा आलाय.

पशुवैद्य_साताराकडचा
त्रास होतो तो एका प्रकारच्या भुलेचा. थायोपेंटोन नावाचं जुनं इंजेक्शन अजून काही ठिकाणी वापरतात, ते ग्रेहाऊंडच्या अंगातून लवकर निघत नाही, लिव्हर ते सावकाश मोडतं आणि अंगात चरबी पण नाही, त्यामुळं कुत्रं तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. प्रोपोफॉलचं इंजेक्शन आणि नंतर भुलेचा गॅस, असं देणारा सर्जन शोधा. फोनवर स्पष्ट विचारा, थायोपेंटोन वापरता का. चांगला डॉक्टर चिडत नाही.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. ऑपरेशन नीट होतं, कुत्रं घरी येतं, आणि एक-दोन दिवसांनी टाक्यांभोवती मोठं काळंनिळं होतं, रक्त झिरपायला लागतं. रक्ताची गाठ धरते पण लगेच विरघळते, या जातीत हे दिसतं. सर्जनला आधीच सांगून ठेवा म्हणजे ट्रानेक्झामिक ॲसिडसारखं रक्त थांबवणारं औषध द्यायचं का ते ते ठरवतील. पहिले चार दिवस रोज पोट बघा. आणि माजावर असताना किंवा लगेच नंतर करू नका, माज संपून दोन-तीन महिने जाऊ द्या. तोवर आजूबाजूच्या कुत्र्यांपासून जपणं हेच खरं काम आहे.

मिरज_जंक्शन
मला कुत्र्यातलं शष्प कळत नाही पण उन्हाचं काय? आपल्याकडं एप्रिलमध्ये चाळीस जातंय.

माणदेशी_गडी
पहाटे साडेपाचला फिरवायचं आणि रात्री जेवणानंतर. मधे घरात, पंख्याखाली. शेतातली कुत्री ऊन सोसतात म्हणून लोक दुपारी पण पळवतात, आणि मग जीभ बाहेर काढून आडवं झालेलं कुत्रं रिक्षातनं नेतात. तसं झालंच तर साधं पाणी ओता अंगावर, पंखा लावा आणि डॉक्टरकडं पळा. थंडीला उलटं, अंगावर चरबी नाही की केस नाहीत, डिसेंबरात जुना स्वेटर कापून घाला.

खुराक पण सांगतो. शर्यतीच्या कुत्र्याला मटण, अंडी, दूध भरपूर असतं. तेवढंच चालू ठेवलं आणि पळणं बंद, तर वजन वाढून त्या पायावर येणार. आणि एकदम बदललं तर जुलाब. पहिला आठवडा मालक देतोय तेच द्या, मग हळूहळू भात-भाकरी, उकडलेलं चिकन, अंडं असं बसवा. शिजलेली हाडं नको. भडंग तर बिलकुल नको, त्यात लसूण असतंय आणि सांगलीत घरोघरी उघडं पातेलं पडलेलं असतंय हे मला ठाऊक हाय.

आणि मोकळं कधी सोडू नका. कृष्णाकाठी मोकळं रान बघून मन होणारच. समोर ससा उठला की तिला तुमचा आवाज ऐकू येत नाही, अर्ध्या मिनिटात ती हायवेला. शिवाय सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद हाय, कुत्र्यानं मारला तरी विचारायला तुमच्याकडंच येणार.

हरिपूर_रोड
अपडेट: काल परत जाऊन आलो. सोन्याला पिंजऱ्यात घालून नेलं होतं, मैनाला मुसकं, पट्टा मिस्टरांच्या हातात. आधी बघतच राहिली, मग मी हाक मारली तर मान वळवली, चिकनचा तुकडा घेतला आणि परत त्याच्याकडं न बघता खाली बसली. सोन्यानं मात्र पिंजऱ्यातून जो काही शिव्यांचा पट्टा सोडला. घरात तरी पहिले काही आठवडे वेगळ्या खोल्या, मध्ये जाळीचं दार, असं ठरवलंय.

मालकांशी वेताबद्दल मिस्टर बोलले. आधी नाराज झाले, मग म्हणाले एक्स-रेचा खर्च तुम्ही करणार का. करणार म्हटलं. मग सही केली. सासूबाईंनीच साक्षीदार म्हणून सही केली, ज्या कालपर्यंत वेत द्या म्हणत होत्या!

आता शेवटचं. जुना पट्टा घालून बघितला तर मागं सरकून डोकं सरळ बाहेर काढलं तिनं. मान जाड आणि डोकं बारीक. मिरजेत कोणी वेगळा पट्टा शिवून देणारं आहे का?

मिरज_जंक्शन
मिरजेत तंबोरा पाहिजे तर सांगा. पट्ट्याला कोल्हापूर.

लीड्सकर
मार्टिंगेल म्हणतात त्याला. दोन भाग असतात, मोठ्या पट्ट्याला छोटा फास जोडलेला, ओढलं की थोडा आवळतो पण गळा दाबत नाही. चामड्याचं काम करणारा कोणीही करून देईल, फोटो दाखवा. रुंदी दीड-दोन इंच, आतून मऊ कापड, यांची कातडी पातळ असते आणि पटकन फाटते. माप दोन ठिकाणचं घ्या: कानाच्या लगेच मागं मानेची सगळ्यात बारीक जागा, आणि डोक्याचा सगळ्यात रुंद भाग. पूर्ण सैल केला की डोक्यावरून जायला हवा, आणि ओढून आवळल्यावर मानेच्या बारीक जागी दोन बोटं जातील एवढाच राहायला हवा. तो मिळेपर्यंत पट्टा आणि छातीचा हार्नेस दोन्ही एकदम घाला, दोरी दोन्हीत अडकवा. पहिल्या दिवशी गाडीतून उतरवताना सगळ्यात जास्त कुत्री सुटतात, तेव्हा कंपाउंडचं गेट लावूनच दार उघडा.