कुस्ती, ज्यूदो, लाठी आणि वर नववी: एका पोरीनं किती आखाडे सांभाळायचे?

वारणाकाठ

विषय घरातलाच आहे. लेक नववीत. पहाटे साडेपाचला तालमीत कुस्ती, अकरा ते पाच शाळा, साडेसहा ते आठ ज्यूदो, रविवारी सकाळी मर्दानी खेळाच्या आखाड्यात लाठी. उरलेल्या फटीत गणिताचा क्लास. या सगळ्याला मीच घातलंय तिला, हे आधीच कबूल करतो. खाली कुणी ते शोधून काढायला नको.

आता माझं मत पक्कं झालंय: दहावी होईस्तोवर एकच काहीतरी. परवा रात्री पाणी प्यायला उठलो तर पोरगी टेबलावर डोकं टेकून झोपलेली. पेन हातात तसंच. वहीवर शेवटच्या अक्षराची शेपूट ओढत पार समासापर्यंत गेलेली. ज्यूदोत समोरच्याची कॉलर धरून धरून बोटं सुजतात, म्हणून दोन बोटांना चिकटपट्टी. त्या बोटांनी ती त्रिकोणमिती लिहीत होती. गणपतीत आरतीला उभ्या उभ्या टाळ वाजवताना तिला डुलकी लागली तेव्हा सगळे हसले, मीही हसलो.

दुसरी गोष्ट वजनाची. ती ४५ किलोची आहे. कुस्तीत १७ वर्षांखालच्या मुलींना ४६ चा गट आहे, पोटभर जेवून उतरता येतं. ज्यूदोत गट ४४ चा. म्हणजे एका स्पर्धेसाठी 'जेव गं' म्हणायचं आणि पंधरा दिवसांनी दुसरीसाठी ताटातली भाकरी काढून घ्यायची. हे मला जमेना.

एक ठेवा, बाकीचं दहावीनंतर. कुणाला पटत नसेल तर कारणासकट सांगा.

लालमाती_७९

मला नाही पटत. तुम्ही तीन खेळ मोजताय, शरीर एकच काम शिकतंय. आमची धोबीपछाड आणि ज्यूदोतली खांद्यावरून टाकायची फेक शेजारी ठेवून बघा. पाठ वळवायची, खाली बसायचं, समोरच्याला पाठीवरून पलीकडे. फरक एवढाच, तिथं अंगात जाड कोट असतो, इथं अंगाला माती.

आणि ज्यूदो मुळात आला कुठून? जिगोरो कानो या जपानी माणसानं जुजुत्सू या तिथल्या जुन्या झुंजकलेच्या दोन वेगळ्या शैली शिकून, त्यातलं धोक्याचं काढून, १८८२ ला कोडोकान ही स्वतःची ज्यूदोची शाळा सुरू केली. वय एकवीस. शिकलेला माणूस, पुढं मास्तर झाला. एकाच शैलीला चिकटून बसला असता तर तुमची पोरगी आज ज्यूदोला गेलीच नसती.

पोरगी दमते म्हणून खेळ तोडायचा? क्लास तोडा की. नववीच्या गणिताला क्लास लागतो, याचं कुणालाच काही वाटत नाही.

पंच_निवृत्त

लालमाती, कानोंचं नाव काढलंत तर साल पुरतं सांगा. पहिली शैली त्यांनी १८७७ ला धरली, दुसरी १८८१ ला. मधे चार वर्षं आहेत. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी असं नव्हतं ते.

शरीर एकच काम शिकतं म्हणता, तिथंच खरी गोची आहे. कुस्तीत पोरगं पहिलं काय शिकतं? पट काढायला. एकेरी पट, दुहेरी पट. वाकलं की हात थेट समोरच्याच्या पायाला. ज्यूदोच्या आंतरराष्ट्रीय नियमांत २०१० पासून पायाला असा थेट हात घालायला मनाई आहे. मी जिल्ह्याच्या स्पर्धांना पंच म्हणून उभा राहिलोय. तालमीतली पोरं मॅटवर येतात, चांगली खेळत असतात आणि ऐन वेळी हात पायाला जातो. दंड बसतो. खाली उतरून रडतात, 'सर, हात आपोआप गेला.' आपोआपच जाणार, रोज पहाटे तोच घोटवलाय. मोठा खेळाडू डोक्यातलं बटण बदलतो, चौदाव्या वर्षी ते सगळ्यांना जमत नाही.

वारणाकाठ, तुमच्या बाजूनं आहे मी. पण दहावीचं कारण देऊ नका. खेळाचं कारण द्या.

मिरज_फिजिओ

दोन्ही बाजू आखाड्यांची संख्या मोजताहेत. आमच्याकडे पोरं येतात ती तासांमुळे. जगभरात बालखेळाडूंसाठी एक ढोबळ हिशेब वापरतात: मुलाचं वय जितकं, आठवड्याचे सरावाचे तास त्याहून जास्त नकोत. वारणाकाठ, पहाटेचे किती तास ते तुम्ही लिहिलं नाही. दीड धरला आणि सहा दिवस, तर कुस्ती नऊ, ज्यूदो नऊ, वर रविवारची लाठी. वीस झाले. पोरगी चौदा-पंधराची. शिवाय सुट्टीचा वार एकही नाही, हे मला तासांपेक्षा जास्त खटकतं.

झोप तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास लागते. पहाटे साडेपाचला तालमीत म्हणजे पाचला उठणं. मग नऊच्या आत अंथरुणात हवी, आणि आठला तर ज्यूदो सुटतो. हा हिशेब कुठल्याच वहीत बसत नाही.

वजनाबद्दल मात्र वाद घालणार नाही. वाढत्या मुलीचं वजन स्पर्धेसाठी उतरवायचं नाही. एक किलो म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण सुरुवात भाकरीनं होते आणि मग पाणी तोडलं जातं. १९९७ साली अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन घटवण्याच्या नादात गेले. २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाटचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं तेव्हा आपण सगळे हळहळलो. त्याच्या आदल्या रात्री तिनं शरीराचं काय केलं असेल, ते किती जणांच्या मनात आलं? ज्यूदोत पुढच्या ४८ च्या गटात खेळवा. हरली तर हरू दे.

दोन_लेकींची_आई

'दहावीनंतर सुरू करू' ही थाप मी स्वतः खाल्लेली आहे. मी कराटे आणि कबड्डी दोन्ही करायचे. दहावी आली, बाबा म्हणाले वर्षभर थांब. मग बारावी आली. मग म्हणाले आता कॉलेजात कुठे. मग लग्न ठरलं. माझा कराटेचा पांढरा ड्रेस आईनं पायपुसणं करून संपवला, गुडघ्याच्या जागी पिवळा पडलेला, मला अजून आठवतो. भावाला मात्र कुणी क्रिकेट सोड म्हटलं नाही, आणि त्याचे मार्क माझ्यापेक्षा कमीच होते.

पंचकाका, खेळाचं कारण देऊन सोडायला लावलं काय आणि दहावीचं देऊन काय, मुलींच्या बाबतीत सुटतं ते सुटतंच. पोरगी दमतेय हे खरं. मग पहाटेची भांडी, पाणी भरणं, धाकट्याचा डबा यातलं तिच्याकडे काय काय आहे, तेही लिहा ना वेळापत्रकात.

वारणाकाठ

ताई, भांडी नाहीत तिच्याकडे. कपडे आहेत. ज्यूदोचा कोट तीच धुते. पावसाळ्यात तो दोन दिवस वाळत नाही, ओलाच घालून जाते, घरभर वास. बाकी तुमचं म्हणणं लागलं मला.

दहावी_ब_तुकडी

मी पंधरा वर्षांचा आहे, कराटे आणि तायक्वांदो करतो, शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्टा फिरवतो. मोठ्यांच्यात बोलतोय, माफ करा.

पंचकाका म्हणतात ती गडबड माझीही होते. आमच्या कराटेत ठोसा मारला की दुसरा हात कमरेशी ओढायचा, तायक्वांदोचे सर म्हणतात कमरेशी काय खजिना आहे का, हात वर घे. पहिले सहा महिने दोन्हीकडे शिव्या खाल्ल्या. मग क्लासच्या दारात बूट काढतानाच डोकं बदलायला लागलं.

आणि अभ्यास जातो, याचं मला एवढं वाईट वाटत नाही. जातं ते दुसरंच. संध्याकाळी सगळी पोरं पाण्याच्या टाकीपाशी बसतात. काही करत नाहीत, नुसती बसतात. मी आठला पोचतो तोवर जोक होऊन गेलेला असतो. ते 'तू नव्हतास, सोड' म्हणतात. वर्षभर हे ऐकल्यावर मी बुधवारचा तायक्वांदो बंद केला. सर अजून नीट बोलत नाहीत. बेल्टची परीक्षा लांबली तर लांबू दे.

एक विचारू का? या सगळ्यात तुमच्या मुलीला कुणी विचारलंय का, तिला काय सोडायचंय?

लालमाती_७९

पोरगं शहाणं आहे. पण पोरांना विचारून तालीम चालत नाही. पहाटे कुठल्या पोराला उठावंसं वाटतं?

मिरज_फिजिओ

आणि म्हणूनच सोळाव्या वर्षी तालमी रिकाम्या होतात, लालमाती.

वारणाकाठ

काल विचारलं. मला वाटलं होतं लाठी सोडेल, कारण तिथं ना वजनगट ना बेल्ट. सर्टिफिकेट दाखवायचं तर तेही नाही. ती म्हणाली, ज्यूदो सोडते. मी म्हटलं, अगं क्रीडा सवलतीचे गुण, पुढं नोकरीत पाच टक्के आरक्षण, आणि ज्यूदोत आपल्या जिल्ह्यात मुली कमी, नंबर येतो. ती म्हणाली, 'पप्पा, ते तुम्हाला पाहिजे होतं.' लाठी का ठेवायची विचारलं तर म्हणे तिथं कुणी मोजत नाही, आणि दोन्ही हातांनी फिरवली की वारा येतो तोंडावर.

खरं सांगतो, मला राग आला. दोन वर्षांची फी, तो कोट, सगळं डोळ्यांपुढं आलं. अजून हो म्हटलेलं नाही.

पंच_निवृत्त

म्हणजे एकच ठेवायचं म्हणून धागा काढलात, आणि पोरीनं दोन ठेवून तुमचंच एक कापलं.

पट ठेवला, ज्यूदो सोडला. खेळाच्या हिशेबानं बरोबर आहे.

लालमाती_७९

धोबीपछाड विसरत नाही कुणी, काळजी करू नका. फक्त ज्यूदोच्या सरांना सांगायला तिला एकटीला पाठवू नका. तुम्ही जावा. आणि जाताना कोट वाळवून न्या, कुणा गरजूच्या पोराला होईल.

वारणाकाठ

कोट ती देत नाहीये. म्हणाली थंडीत पहाटे तालमीला जाताना अंगावर घालायला होईल.