वजन ६८ किलो, कंबर ९६ सेमी: दोष कॉर्टिसॉलचा की इन्सुलिनचा?

रातपाळी_पुणे: वय ३८, पुरुष, उंची १७० सेमी. हातपाय बारीक, फक्त पोट सुटतंय. उपाशीपोटी साखर ९८, इन्सुलिन १८. काम रात्री दीडपर्यंत, जेवण अकराला. ताणामुळे असेल तर सकाळचं कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) तपासून घेऊ का?

अनुजा_के: साखर ९८ बघून निर्धास्त राहू नका. ९८ × १८ ÷ ४०५ = ४.४ हा तुमचा होमा-आयआर, म्हणजे शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही याचा अंदाजी आकडा. अडीचच्या वर गेला की साधारणपणे इन्सुलिन रेझिस्टन्सचा (इन्सुलिनला दाद न देण्याचा) संशय धरतात. म्हणजे साखर ताब्यात ठेवायला स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन सोडावं लागतंय, आणि ते चढलेलं असेपर्यंत साठलेली चरबी सहसा सुटत नाही. कॉर्टिसॉल यकृताला साखर सोडायला लावतं, म्हणून इन्सुलिन अजून वाढतं. त्यात आतड्यांभोवतीच्या चरबीत कॉर्टिसॉलचे रिसेप्टर (त्याचा संदेश घेणारे रेणू) कातडीखालच्या चरबीपेक्षा जास्त. दोन्ही चढली की भर तिथेच पडते.

वजनावर जाऊ नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी २१.२ आणि ९.१ टक्के!

डॉ_सांगलीकर: सकाळचं एकटं कॉर्टिसॉल करू नका, पैसे वाया. ते पहाटे सगळ्यांचंच चढतं. पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे, जरा लागलं की काळंनिळं, जमिनीवरून उठताना मांड्यांत जोर नाही, असं असेल तर कुशिंग्जची (शरीरात कॉर्टिसॉल फार वाढण्याच्या आजाराची) शंका घ्यायची. मग डॉक्टर रात्री अकराला १ मिग्रॅ डेक्सामेथासोन (स्टिरॉइडची गोळी) देऊन सकाळी आठ-नऊला रक्त घेतात, कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम/डेसीलिटरच्या खाली यायला हवं. सांधेदुखीच्या बिनलेबल पुड्या घेत असाल तर आधी ते सांगा, त्यात स्टिरॉइड निघतं.

अनुजा_के: जेवण आठच्या ब्रेकला आणा. आधी भाजी-उसळ, मग एक-दीड भाकरी, लगेच १५ मिनिटं चाला: चालणारा स्नायू इन्सुलिनवर फार अवलंबून न राहता साखर ओढतो. दीडला भूक लागली तर ताक, बिस्किटं नकोत. शेवटची कॉफी संध्याकाळी सातला. आठवड्यातून तीनदा बैठका आणि वजनं. नुसत्या क्रंचेसनी आतली चरबी हलत नाही. सलग सात तास झोप मात्र हवीच, तिथे तडजोड केलीत तर बाकीचं फळ देत नाही.

रातपाळी_पुणे: टेप बेंबीवर धरायची ना?

डॉ_सांगलीकर: नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. पुरुषांना ९०, बायकांना ८० सेमी ही आपल्याकडची मर्यादा. महिन्यातून एकदा पुरे; इन्सुलिन तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये.