अंटार्क्टिकाला छोट्या जहाजाने जायचंय, कुठली कंपनी घ्यावी? (दोघांचे २० लाख)

उद्यमनगरकर
रामराम मंडळी. वय ६३, आमच्या सौं.चं ५९. कारखाना पोराच्या हातात दिला, आता लेथचा आवाज नसला की दुपारची झोप लागत नाही, ती गोष्ट वेगळी. दोघांनाही अंटार्क्टिका बघायचं आहे. युरोप, दुबई, सिंगापूर सुचवू नका. कोल्हापूर ते कोल्हापूर, विमान, व्हिसा, विमा सगळं धरून दोघांचे २० लाख. वर एक रुपया नाही.

जहाज शंभर ते दोनशे माणसांचं हवं. ओशनवाइड, क्वार्क आणि अरोरा यांची माहितीपत्रकं मागवली. चौथी अंटार्क्टिका२१, ती समुद्र टाळून विमानाने नेते. चारी पत्रकं वाचून झाली आणि आता मला सगळ्यांचे पेंग्विन एकाच आईचे दिसायला लागलेत. दोन माणसांच्या केबिनचा हिशेब २३ च्या खाली येईना. प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सांगा. सौं.चा उजवा गुडघा कुरकुरतो आणि गगनबावड्याच्या घाटात त्यांना उलटी होते, हे आधीच सांगून ठेवतो.

शाहूपुरी_एक्सप्रेस
काका, आम्ही अलास्का केलं. तीन हजार माणसांचं जहाज, काचेच्या लिफ्ट, रात्री बारा वाजता पिझ्झा. कपातला चहासुद्धा हलला नाही. छोट्या जहाजात कशाला जीव टांगणीला लावताय? मोठंच घ्या. २५-३० पर्यंत जायची तयारी ठेवा, मग मजा येते.

मसाई_पठार
वरचा सल्ला अलास्कासाठी ठीक आहे. अंटार्क्टिकाला मोठी जहाजं जातात, पण लांबनं बघून परत येतात. तिथे जाणाऱ्या सहल कंपन्यांची १९९१ पासून आयएएटीओ नावाची संघटना आहे. तिच्या नियमाने पाचशेच्या वर प्रवासी असलेल्या जहाजातून कुणालाच किनाऱ्यावर उतरवत नाहीत. आणि छोट्या जहाजांनीही एका जागी एका वेळी शंभरच्या वर माणसं उतरवायची नाहीत.

काका, तुमचा अर्धा निर्णय या शंभरात आहे. १०८ प्रवाशांचं जहाज असेल तर जवळजवळ सगळे एकदमच उतरतात. १७० चं असेल तर दोन पाळ्या. एक पाळी किनाऱ्यावर, दुसरी झोडियाक म्हणजे रबरी बोटीतून हिमनगांमध्ये फिरते, मग अदलाबदल. बोटीतलं फिरणं मला तर उतरण्याइतकंच आवडलं, पण पेंग्विनजवळ बसल्यावर कुणीतरी घड्याळ दाखवतं तेव्हा जीव तुटतो.

आता माझी रड. मी एजंटामार्फत गेले. त्याने एका कंपनीच्या नावाने पैसे घेतले, आणि अर्जेंटिनातल्या उशुआया बंदराच्या धक्क्यावर गेल्यावर कळलं की जहाज भलत्याच कंपनीचं, यांनी फक्त काही केबिन घेऊन ठेवल्या होत्या. तक्रार करायला गेलं की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवणार. म्हणून एजंटाला कंपनी नंतर विचारा, आधी जहाजाचं नाव विचारा. जहाज कुठलं, प्रवासी किती, केबिन कुठल्या मजल्यावर, आणि पैसे कुणाच्या खात्यात जाणार.

मिसळ_सम्राट
पेंग्विन आणि पांढरं अस्वल दोन्ही एकाच टूरमध्ये दाखवणारी कुठली कंपनी आहे का? मी पण विचार करतोय.

सांगलीची_डॉक्टरीण
@मिसळ_सम्राट अशी कंपनी सापडली तर पैसे देऊ नका. अस्वल उत्तर ध्रुवाकडे, पेंग्विन दक्षिणेत.

काका, सौं.साठी. उशुआयाहून निघालं की पहिले काही तास बीगल खाडीत शांत जातात, मग ड्रेक पॅसेज हा खवळलेला समुद्र, जाताना दोन दिवस आणि येताना दोन. ज्यांना घाटात त्रास होतो त्यांनी गोळी उलटी सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. अ‍ॅव्होमिन चालते, पण झोप फार येते. कानामागे लावायची पट्टी मिळाली तर काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये, हे तुमच्यासाठी. केबिन जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे सगळ्यात कमी हलतं. वरच्या बाल्कनीवाल्या केबिनला लोक दुप्पट पैसे मोजतात आणि सगळ्यात जास्त झोके तेच खातात.

शाहूपुरी_एक्सप्रेस
आमच्या अलास्काला बाल्कनी होती. काय झोके नाहीत.

गंगावेस
गोळ्या-बिळ्या काही नको. आलेपाक न्या. माझा चुलतभाऊ मर्चंट नेव्हीत २२ वर्षं होता, तो फक्त आलेपाक आणि कोरडी बिस्किटं खायचा. सोबत कांदा-लसूण चटणीचा डबा न्या, जहाजावर सगळं अळणी असतं. पांढऱ्या रश्शाची आठवण येऊन डोळ्यात पाणी येईल काका.

मसाई_पठार
चटणी जहाजावर ठीक, किनाऱ्यावर खाण्याचा कणसुद्धा न्यायचा नाही. बाहेरचं बी, माती, जंतू तिथे जाऊ नयेत म्हणून पहिल्या उतरणीच्या आधी सगळ्यांना खाली बसवून कपडे, बॅगा, बूट तपासतात. व्हॅक्यूम क्लीनर असतो, चिमटे असतात. माझ्या सॅकच्या वेलक्रोतून एक कुसळ निघालं. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गेल्या पावसाळ्यात गेले होते, तिथलंच. तपासणाऱ्या पोरीने ते चिमट्याने उचलून दिव्याखाली धरलं आणि माझ्याकडे अशी बघितली की मी गांजा आणलाय. तेव्हापासून हे नाव घेतलंय.

जाताना-येताना बूट दरवेळी औषधाच्या पाण्यात बुडवतात. बर्ड फ्लू त्या भागात पोचल्यापासून किनाऱ्यावर बसायचं, टेकायचं, गुडघे टेकून फोटो काढायचा, सॅक खाली ठेवायची, सगळं बंद. पेंग्विनपासून पाच मीटर लांब. त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा बर्फात खोदल्यासारख्या दिसतात. तिथे तो आला की आपण थांबायचं, त्याचा मान पहिला.

टर्बोचार्जर
काका, तुम्ही मशीनवाले, म्हणून मशीनचं सांगतो. अरोराची ग्रेग मॉर्टिमर बघा, २०१९ ची. तिचं नाक उलटं, एक्स-बो म्हणतात, नॉर्वेच्या उलस्टाईनचं डिझाइन. लाटेवर आपटण्याऐवजी लाट कापत जाते. ओशनवाइडचं प्लॅन्शियस कुणी सुचवलं तर लांब राहा. १९७६ ची बोट आहे, डच नौदलाची जुनी सर्वेक्षण बोट, नंतर प्रवासी केली. पन्नास वर्षांच्या भंगारात बसून ड्रेक कोण ओलांडणार? २००७ साली एक्सप्लोरर बुडाली ती १९६९ ची होती.

खासबाग
एक्सप्लोरर बुडाली पण १५४ च्या १५४ माणसं वाचली, हे पण लिही ना भावा. नॉर्डनॉर्गे नावाच्या जहाजाने सगळ्यांना उचललं. आणि नुसतं बांधणीचं साल बघून जहाज ठरवणारा लेथ बघून कारागीर ठरवेल. ध्रुवीय जहाजांना पोलर कोड म्हणजे सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम लागू आहेत, नव्याला २०१७ पासून, जुन्याला २०१८ नंतरच्या तपासणीपासून.

मी स्वतः प्लॅन्शियसवर नव्हतो, पण तसल्याच एका जुन्या बोटीवर स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेच्या बेटांवर गेलो होतो. काका, खरं तर तुम्ही स्वालबार्डच करा! ओस्लोपर्यंत एक विमान बदलून, तिथनं लाँगइयरब्येन. खर्च निम्म्यावर येतो. अस्वल बघितलं मी, शेपूट नाही पण नाक स्पष्ट. फक्त शेंगेनचा व्हिसा दुहेरी प्रवेशाचा घ्या, स्वालबार्ड शेंगेनमध्ये नाही, एकेरी असला तर परत येताना नॉर्वेच्या दारात अडकाल.

सांगलीची_डॉक्टरीण
अस्वलाला शेपूट असते, आखूड असते. आणि २०२५ पासून तिथले नियम कडक झालेत. अस्वलापासून किमान ३०० मीटर, मार्च ते जूनअखेर ५०० मीटर. नाक स्पष्ट दिसायला भिंग न्या.

खासबाग
मी २०१९ ला गेलो होतो, ताई. आणि नाक दिसलं होतं.

हिशेबनीस
मुद्द्याचं बोलू या का? काकांचं बजेट २० लाख आहे आणि एकानेही त्याचा विचार केलेला नाही. (१) भाडं डॉलर किंवा युरोत असतं, पैसे दोन हप्त्यांत जातात, मधे रुपया घसरला तर तुमच्या खिशातून. पाच टक्के बाजूला ठेवा. (२) परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापतात. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर अडकून राहतो. दर बदलत असतात, बुकिंगच्या दिवशीचा विचारून घ्या. (३) विम्यात वैद्यकीय कारणाने तिथून उचलून आणण्याचं कलम असलंच पाहिजे, साधा प्रवासी विमा जहाज कंपनी मानत नाही. (४) अर्जेंटिनाचा व्हिसा मुंबईच्या वकिलातीतून, अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर असेल तर काम सोपं होतं. (५) उशुआयात जहाज निघायच्या किमान एक दिवस आधी पोचा, दोन दिवस असेल तर उत्तम. जहाज कुणासाठी थांबत नाही.

गंगावेस
पाचव्या मुद्द्याला माझं अनुमोदन. मुंबईला पण एक दिवस आधी जा. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली होती, विसरलात काय. माणसं बोटीनेच बाहेर काढली, तेवढ्यात अंटार्क्टिका झालं असतं.

खासबाग
विमानवाला पर्याय कुणी बोललाच नाही. चिलीतल्या पुंता अरेनासहून अंटार्क्टिकाच्या किंग जॉर्ज बेटावर दोन तासांत. उलटीचा प्रश्नच मिटला. सौं.साठी हेच घ्या.

मसाई_पठार
घ्या, पण किंग जॉर्जवर धुकं आलं की विमान उतरत नाही. आमच्या ओळखीचे एक जोडपे पुंता अरेनासला दोन दिवस हॉटेलात बसून होते, तेवढे दिवस सहलीतून गेले. सामान कमी न्यावं लागतं आणि भाडं २० लाखाच्या खूप वर. शिवाय ड्रेक ओलांडल्याशिवाय पोचलो असं वाटतंच नाही, पण हे मी पोटातलं सगळं बाहेर काढून मग म्हणतेय.

टर्बोचार्जर
भारताचं मैत्री केंद्र दाखवतात का या सहलीत?

मसाई_पठार
नाही. मैत्री आणि भारती दोन्ही पार दुसऱ्या बाजूला आहेत. या सहली दक्षिण अमेरिकेच्या खालच्या द्वीपकल्पाला जातात.

सांगलीची_डॉक्टरीण
महिना कुठला, हे पण ठरवा. नोव्हेंबरात बर्फ स्वच्छ आणि पेंग्विनांची घरटी लावायची धावपळ. डिसेंबर-जानेवारीत पिल्लं. फेब्रुवारी-मार्चमध्ये देवमासे जास्त दिसतात, पण वसाहतींत चिखल आणि वास. पहिल्यांदा जाताय तर डिसेंबरच. गुडघ्याचं म्हणाल तर बोटीत चढताना-उतरताना दोन माणसं मनगटाच्या वरून हात धरतात, पाय टाकण्याआधी बोट स्थिर होऊ द्यायची. काही ठिकाणी उतरताना गुडघाभर पाणी असतं, गमबूट बहुतेक जहाजांवर मिळतात. महिनाभर जिना चढायचा सराव करा.

शाहूपुरी_एक्सप्रेस
डिसेंबरच. आणि दोघांची स्वतंत्र केबिन घ्या काका, या वयात कंजुषी नको. बाल्कनी.

उद्यमनगरकर
सगळ्यांचे आभार. ठरलं एकदाचं.

प्लॅन्शियस घेतली. मार्चमध्ये.

टर्बोचार्जर, तुमचं पटलं होतं, एक्स-बोचा व्हिडिओ दोनदा बघितला. पण १९७६ म्हणजे आमच्या पहिल्या लेथचं साल. ते मशीन अजून चालू आहे, बेअरिंग दोनदा बदललं, बस्स. नौदलाच्या माणसाने बांधून घेतलेली बोट आहे, त्याने पोलाद मोजून घेतलं असणार. आणि प्रवासी १०८, म्हणजे मसाईताईंच्या शंभराच्या हिशेबात बसते. मार्चला भाडं उतरतं. पिल्लं नसतील तर नसतील. चिखलाच्या वासाचं म्हणाल तर आम्ही पंचगंगेचा पूर ओसरल्यावर घर धुतलेली माणसं आहोत.

दोघांच्या केबिनने बजेट फुटत होतं. म्हणून चौघांच्या केबिनमधली एकेक जागा घेतली, खालच्या मजल्यावर, गोल खिडकीची. मी पुरुषांच्या खोलीत, सौ. बायकांच्या खोलीत. डॉक्टरीणबाईंच्या म्हणण्याप्रमाणे तिथे कमी हलतं, म्हणजे स्वस्तातलं तेच बरं निघालं. सगळं धरून १९ लाख ४० हजार होतंय, टीसीएस वेगळा.

शाहूपुरी_एक्सप्रेस
काय काका! ३९ वर्षांच्या संसारानंतर बायकोला तीन परक्या बायकांत झोपवणार? ती कबूल झाली?

उद्यमनगरकर
३९ कुणी सांगितलं तुम्हाला, आमच्या पोराने काय? बरोबर आहे, ३९ च. मी बिचकतच विचारलं. म्हणाली, "३९ वर्षं तुमचं घोरणं ऐकलंय, अकरा दिवस तरी निवांत झोपतो मी. आणि त्या बायकांना मराठी येत नसंल तर मी शिकवतो की." तुम्ही कोल्हापूरचे असाल तर तिचं 'झोपतो' तुम्हाला खटकणार नाही.

आता एकच अडचण. बुटाचं माप युरोपियन मागवलंय. सौं.ना चपलेशिवाय काही माहीत नाही. कुठे मोजून मिळेल?

मसाई_पठार
संध्याकाळी मोजा, जाड पायमोजा घालून. पाय दुपारनंतर जरा फुगतात. आणि शंका आली तर मोठंच माप द्या.

गंगावेस
चटणीचं काय ठरलं?

मिसळ_सम्राट
म्हणजे अस्वल बघायचं असेल तर नक्की कुठल्या कंपनीचं घ्यायचं?