नव्या ट्रकच्या पोटाला गंज धरू नये म्हणून आत्ताच काय करावं?

सहावा गिअर

मंडळी, पंधरा दिवसांपूर्वी नवा ट्रक हातात आला. दहा चाकी, मागे लोखंडी हौदा. आधीचा ट्रक दुसऱ्याच्या हातचा होता. त्याच्या पोटाखाली मी सहसा वाकत नसे, कारण वाकलं की काहीतरी काम निघायचंच. या वेळी मात्र पहिल्याच सुट्टीला खाली चटई टाकून उताणा झोपलो आणि अर्धा तास नुसता बघत राहिलो. सगळं कोरं. बोल्टांवर कारखान्यातले रंगाचे ठिपकेसुद्धा अजून तसेच आहेत.

पण आठवड्यातल्या तीन फेऱ्या बंदराच्या आवारात असतात. तिथे खारं पाणी साचलेलं असतं, ते चुकवायला जागा नाही. परवा परत आल्यावर पाहिलं तर डिफरेन्शियलच्या हाउसिंगवर (मागच्या ॲक्सलच्या मधला फुगीर भाग) पांढरट चट्टे, आणि पाट्यांच्या, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या, यू-बोल्टांच्या टोकांवर तांबूस झाक. पंधरा दिवसांत!

विचारलं त्या प्रत्येकाने वेगळं सांगितलं. गाडी घेतली तिथला माणूस म्हणतो, जाड काळं रबरी कोटिंग मारा, पुन्हा बघायला नको. गॅरेजवाला म्हणतो जळकं ऑइल फवारा, बास. एकाने बॅटरीला जोडायची डबी दाखवली, तिच्यातून म्हणे करंट सोडला की गंज जवळ फिरकत नाही. आणि वडील म्हणतात, नवं आहे तोवर हात लावू नकोस.

आता करू की वर्षभर थांबू? आणि करायचं तर नेमकं काय?

निळी केबिन

लवकर करा, पण काळ्या लेपाच्या नादी लागू नका. माझं काय झालं ते सांगतो.

माझा पहिला नवा ट्रक. घेतल्याबरोबर पोटाखाली बोटभर जाड काळा लेप मारून घेतला आणि खरंच पुन्हा बघितलं नाही, तशी हमीच होती ना! सहाव्या वर्षी मागच्या पाट्याचा हँगर (पाटा चासीला टांगणारा कंस) बदलायचा निघाला. मेकॅनिक चासीवर, म्हणजे ट्रकच्या पोलादी सांगाड्यावर, हातोडीने ठोकत ठोकत येत होता. खण, खण, खण, आणि मग एकदम बद्द. बाहेरून लेप अगदी शाबूत, हात फिरवला तर गुळगुळीत. त्याने पेचकस टेकवला तसा लेप पिशवीसारखा आत दबला. टोक आणखी रेटलं तर भोकातून आधी तांबडं पाणी आलं आणि मागोमाग पत्र्याच्या खपल्या, एकावर एक पापुद्रे. पाणी किती दिवसांचं होतं देव जाणे. क्रॉस मेंबर, म्हणजे चासीच्या दोन लांब बाजूंमधली आडवी पट्टी, जिथे चासीला जोडतात त्या कोपऱ्यात लेपाला केसभर चीर होती. तिथून ओल आत शिरली आणि बाहेर यायला वाट नव्हती.

लेप वाईट म्हणून असं झालं असं नाही. तो वाळतो, कडक होतो, मग चासी पीळ खाते तिथे तडकतो. (रिकाम्या ट्रकचं एक चाक उंचवट्यावर चढवून मागून बघा, चासी किती वळते ते. वळायलाच बनवलेली असते ती.) तडकलेल्या लेपामागे काय चाललंय ते दिसत नाही, हा खरा घात. उघड्यावर गंज धरला तर निदान डोळ्यांना दिसतो.

गंज लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो. म्हणून दोन पत्रे एकमेकांवर बसवलेत तिथे तो सगळ्यात जास्त नुकसान करतो. बऱ्याच मोठ्या ट्रकांच्या चासीला आतून दुसरी पट्टी असते ना, त्या दोन पट्ट्यांच्या मधे एकदा सुरुवात झाली की दोन रिव्हेटांमधला पत्रा उशीसारखा फुगतो. एवढं जाड पोलाद, पण वाकतं. तिथे ब्रश पोचत नाही, रंग पोचत नाही आणि तुमचा जाड काळा लेप तर नाहीच नाही. पोचतं ते फक्त पातळ, ओलं राहणारं आणि फटीत ओढलं जाणारं. म्हणजे गंजरोधक तेल किंवा लॅनोलिन. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला चिकट स्निग्ध पदार्थ, पाण्याला दाद न देणारा. आणि बंद पोकळ्यांसाठी पोकळीचं मेण मिळतं. लांब नळी, टोकाला चारी बाजूंनी फवारणारं नोझल. नळी शेवटपर्यंत आत सारायची आणि फवारत फवारत मागे ओढायची. मोठ्या ट्रकची मुख्य चासी उघडी, सी आकाराची असते, म्हणून पोकळ्या शोधाव्या लागतात त्या मुख्यतः केबिनच्या खालच्या पट्टीत, दारांत आणि काही क्रॉस मेंबरांत.

भोकं आहेत तीच वापरायची, नवं एकही पाडायचं नाही. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका असं कंपन्या स्पष्ट सांगतात, तडा तिथूनच जातो. आणि काम झाल्यावर पाणी निचरायची भोकं तारेने मोकळी करून घ्या. या एका कामाला पैसे लागत नाहीत, म्हणून ते कोणी विकत नाही आणि कोणी सांगतही नाही.

कधी करायचं? पहिल्या सर्व्हिसला पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळतात. ते होऊ द्या, मग फवारा. आधीच सगळं चिकट करून ठेवलंत तर आवळणारा तुमच्या नावाने बोटं मोडेल. तोवर दर बंदर-फेरीनंतर खालून भरपूर साधं पाणी मारा. यू-बोल्टांच्या टोकांवरची तांबूस झाक सोडून द्या. उघडे आटे तेवढे होणारच.

जळक्या ऑइलला मात्र हात जोडून नको म्हणतो. त्यात इंजिनातलं आम्ल, धातूची भुकटी, काजळी, सगळं असतं. कातडीला वाईट, जमिनीवर गळतं ते वेगळंच, आणि पाट्यांचे, स्टॅबिलायझर बारचे (गाडी कलू न देणारा दांडा) रबरी बुश, म्हणजे जोडांतले रबराचे तुकडे, फुगून मऊ पडतात.

खडीवाला

निळी केबिन काकांशी निम्मा सहमत. तेल मारलं आणि चाकांमागे बघितलं तर आठवड्यात धुऊन साफ. माझा ट्रक खाणीच्या रस्त्यावर. चाकाने उडवलेली खडी मागच्या क्रॉस मेंबरवर आणि ब्रेकच्या हवेच्या टाक्यांवर अशी बसते की रंग टिचक्या मारून उडवावा तसा उडतो. कारखान्यात बुडवून दिलेला पहिला थर असतो तो २० मायक्रॉनच्या आसपास, केसाच्या जाडीपेक्षा कमी. तो खडीपुढे काय टिकणार? तिथे खडीरोधक रबरी कोटिंगच पाहिजे.

फक्त नव्या, कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर. आणि जिथे पत्रा सरळ सलग आहे तिथेच, जोडावर नको. मडफ्लॅप चांगले रुंद लावले तर निम्मं काम तेच करतात.

निळी केबिन

मान्य. चाकाच्या कमानीत आणि टाक्यांच्या पुढच्या तोंडावर तुमचंच बरोबर. माझा राग जोडांवर थापण्यावर आहे.

अर्धवट रसायन

डबीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. विचार खोटा नाही, जागा चुकीची आहे. जहाजाच्या तळाला, जमिनीतल्या पाइपलाइनला करंट देऊन गंज खरोखर रोखतात. पण तिथे सगळं लोखंड सतत पाण्यात किंवा ओल्या मातीत असतं आणि करंटला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याच ओलीतून वाट मिळते. ट्रकच्या पोटावर सलग पाणी नाही, इथे थेंब, तिथे चिखल. प्रत्येक थेंब स्वतःची छोटी बॅटरी चालवतो, तुमच्या डबीचं त्याच्यापर्यंत काही पोचत नाही.

चिखलाबद्दलही. मीठ हवेतलं पाणी ओढतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण सगळी मिठं सारखी नाहीत. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की पाझरतं. मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं, आणि समुद्राच्या पाण्यात तेही असतं. म्हणजे तुम्हाला कोरडं वाटतंय त्या दिवशीही पाट्यावरचा चिखल आतून ओलाच. बर्फावर मीठ टाकतात त्या रस्त्यांवर तर ही मिठं मुद्दाम फवारतात. ओला खारट ट्रक उबदार बंद शेडमध्ये लावला तर तो बाहेर थंडीत उभ्या ट्रकपेक्षा जास्त गंजतो, कारण ऊब गंजालाही आवडते. धुऊन, निथळवून मग आत घ्या.

सहावा गिअर

सगळ्यांचे आभार. यू-बोल्ट आवळायची तारीख मिळालीय. धुताना प्रेशर वॉशर चालेल का? आणि फवारताना काय झाकायचं?

निळी केबिन

चालेल, पण हातभर लांबून आणि रुंद फवाऱ्याने. चाकांच्या हबच्या सीलवर, प्रोपेलर शाफ्टच्या (मागची चाकं फिरवणारा लांब दांडा) क्रॉसवर, म्हणजे सांध्यावर, आणि वायरींच्या कनेक्टरवर जवळून मारलंत तर ग्रीस बाहेर आणि पाणी आत. मी जोर लावतच नाही. बागेत फिरणारा फवारा असतो तो ट्रकखाली सरकवतो, नळ सोडतो आणि बसतो. दर दहा मिनिटांनी एक हात पुढे. वरच्या बाजूला जिथे माती बसते, म्हणजे चासीच्या आतल्या पट्टीवर आणि डिझेल टाकीच्या पट्ट्यांमागे, तिथली आधी लाकडी पट्टीने खरवडून काढा. मग दोन दिवस वाऱ्याला उभा करा. ओल्यावर तेल मारणं म्हणजे ओल कोंडणं.

झाकायचं ते असं. ब्रेकचे ड्रम आणि त्यामागचं सगळं, सायलेन्सर आणि त्याची पूर्ण वाट (धूर होतो, वाससुद्धा जाता जात नाही), रबरी बुश, पाट्यांऐवजी हवेच्या पिशव्या असतील तर त्या, सेन्सर, चाकांचे नट आणि चाक टेकतं तो पृष्ठभाग. ॲक्सलच्या वर एक बारीक ब्रीदर (हवा ये-जा करायची वाट) असतो, तो बुजला की हाउसिंगमधला दाब सील फोडून वाट काढतो. ब्रेक चेंबरची (हवेच्या दाबाने ब्रेक लावणारे डबे) भोकंही तशीच. आणि चासी नंबर! तपासणीच्या वेळी काळ्या थराखालचा नंबर पेट्रोलने पुसत बसलेला माणूस मी आहे. त्यावर पारदर्शक मेण मारा.

ब्रेकचे धातूचे पाइप मात्र झाकू नका, उलट त्यांच्या प्रत्येक क्लिपमागे मुद्दाम थोडं सोडा. पाइप मोकळ्या भागात नाही सडत, क्लिपखाली सडतो.

पुढे कधी वेल्डिंगचं काम निघालं तर वेल्डरला आधी सांगा की आत मेण आहे. नाही सांगितलं तर ठिणगीच त्याला सांगेल.

वॉरंटीची पुस्तिका वाचून घ्या. बऱ्याच ठिकाणी पत्र्याला आरपार भोक पडलं तरच गंज वॉरंटीत धरतात, वरवरचा नाही. आणि बाहेरून काही पाडलं-जोडलं तर तेही गेलं.

सहावा गिअर

केलं एकदाचं. यू-बोल्ट आवळून झाले, दोन दिवस सुकवला, काल पूर्ण दिवस खाली. वडील विजेरी धरून बसले होते. "हात लावू नकोस" म्हणणारे तेच मला "तो कोपरा राहिला" म्हणून दाखवत होते.

एक गोष्ट सांगतो. केबिनच्या डाव्या पट्टीतलं निचऱ्याचं भोक कारखान्यातल्याच सीलंटने निम्मं बुजलेलं होतं. तारेने ढकललं तर साधारण चमचाभर पाणी आलं. नव्या ट्रकमधून! आणि मागून तिसऱ्या क्रॉस मेंबरमध्ये फवारलं तर पाच मिनिटांनी तेल वीतभर लांब, मला माहीतही नव्हती अशा फटीतून बाहेर आलं. तेव्हा काका काय म्हणत होते ते कळलं. चाकांच्या कमानीत खडीवाल्यांचं ऐकलं आणि तिथे खडीरोधक मारलं.

आता सकाळपासून पाच-सहा ठिकाणांहून थेंब पडताहेत. काही चुकलं का?

निळी केबिन

नाही. भोकं उघडी आहेत म्हणून पडताहेत, चार दिवसांनी थांबतील. खाली पुठ्ठा अंथरा. फक्त मागच्या दोन्ही ॲक्सलांना आतून एकदा हात लावून बघा, ब्रेकच्या मागच्या पत्र्यावरून ओघळ आत जात नाही ना. जात असेल तर रस्त्यावर काढायच्या आधी ड्रम उघडून पुसा. पुढच्या वर्षी फवाराल तेव्हा त्या पत्र्याला आधी कागद चिकटवा, ड्रममागचं सगळं झाका म्हणालो होतो, पण हा पत्रा वेगळा सांगायला विसरलो.